सर, व्हिडिओ आहे ना आमच्याकडे!

टीमचे मॅनेजर म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात असं. परळच्या मैदानावर फुटबॉल लीगची मॅच, स्कोअर 1-1, शेवटची पाचेक मिनिटं. तुमच्या स्टॉपरने (मधल्या डिफेंडरने) बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, मागून स्लाइड मारली, फॉरवर्ड पडला, रेफ्रीने पेनल्टी दिली आणि थेट रेड कार्ड काढलं. तुमचा धाकटा भाऊ टचलाइनवरून मोबाइलवर शूटिंग करत होता. त्यात स्टॉपरच्या बुटाचं टोक आधी बॉलला लागलेलं दिसतं. तुम्ही मोबाइल घेऊन धावलात, रेफ्रीने बघायलाच नकार दिला आणि त्या गडबडीत तुमच्या त्याच स्टॉपर पोराने कार्ड धरलेला रेफ्रीचा हात खेचून खाली केला. पेनल्टी बसली, मॅच गेली. आता शिस्तपालन समितीने मुलाला बोलावलंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: रेफ्रीने व्हिडिओ का पाहिला नाही, रेड कार्ड रद्द होईल का, आणि जगभर व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणारी यंत्रणा) असताना मुंबईत ते का नाही.

मी सव्वीस वर्षं मुंबईत शिट्टी वाजवली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, परळ, वांद्रे आणि नशीब असेल त्या दिवशी कूपरेज. नोकरी बँकेत, रविवार मैदानात. दुपारी ज्या टीमच्या कॅप्टनला बाहेर काढलं, संध्याकाळी त्याच टीमबरोबर चर्चगेटहून एकाच डब्यात लटकत घरी आलोय. त्यामुळे मी रेफ्रीचीच बाजू घेणार असं तुम्हाला वाटत असेल, तर ते निम्मंच खरं आहे.

आधी तो बॉल. 'बॉल खेला सर, बॉल!' हे वाक्य मी या शहरात जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. बॉल आधी लागला की फाउल नाही, ही समजूत आपल्याकडे गल्लीपासून क्लबपर्यंत पक्की बसलेली आहे. तिला मूळ आहे. एके काळी फुटबॉलच्या नियमपुस्तकात फाउलच्या नियम 12 मध्ये बॉलला स्पर्श करण्याआधी प्रतिस्पर्ध्याला लागणं हा फाउल, अशा अर्थाचे शब्द होते. लोकांनी त्याचा उलटा अर्थ घेतला आणि ते शब्द पुस्तकातून जाऊनही अर्थ मात्र राहिला. आज रेफ्री बघतो तो टॅकलचा प्रकार. नुसती निष्काळजी असेल तर फाउल, कार्ड नाही. समोरच्याला लागेल याची पर्वाच केली नसेल तर यलो. गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकद वापरली, समोरच्याचा पाय धोक्यात घातला, तर रेड. बुटाचं टोक बॉलला लागलं आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या पायाने नडगी कापली, तर पहिला स्पर्श दुसऱ्याला माफ करत नाही.

म्हणजे तुमच्या व्हिडिओतली जी गोष्ट तुम्हाला हुकमाचा पत्ता वाटतेय, तिच्यावर समितीतले लोक फार वेळ थांबणार नाहीत. पण त्याच प्रसंगात दुसरा एक पत्ता असू शकतो आणि तो तुम्ही अजून पाहिलेला दिसत नाही. रेफ्रीच्या रिपोर्टमध्ये रेड कार्डचं कारण काय लिहिलंय? ते आधी मिळवा.

कारणं दोन असू शकतात. एक, गंभीर फाउल, म्हणजे वर सांगितलेली ताकद. दुसरं, गोलची उघड संधी हिरावली. या दुसऱ्या प्रकारात रेफ्री चार गोष्टी जोखतो: गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, बॉल त्याच्या ताब्यात राहिला असता का, आणि मध्ये डिफेंडर किती व कुठे. चारही जुळल्या तर बॉक्सबाहेर रेड. बॉक्सच्या आत मात्र 2016 पासून नियम बदललाय. पूर्वी पेनल्टीही, रेडही, पुढच्या मॅचची बंदीही, अशी तिहेरी शिक्षा व्हायची. आता डिफेंडरने खरोखर बॉल खेळण्याचा प्रयत्न केला असेल आणि पेनल्टी दिली असेल, तर कार्ड यलो. शर्ट ओढला, ढकललं, धरलं, बॉलपर्यंत पोचण्याची शक्यताच नव्हती, तर रेड कायम.

आता तुमचा व्हिडिओ पुन्हा बघा. बुटाचं टोक बॉलला लागलंय याचा अर्थ फाउल नाही असा होत नाही, पण मुलगा बॉलसाठी गेला होता हे त्यातून दिसतं. रेफ्रीने 'संधी हिरावली' असं लिहिलं असेल, तर तुमची बाजू मजबूत आहे. 'गंभीर फाउल' लिहिलं असेल, तर कमकुवत आहे. तेच फुटेज, तोच पाय, पण एका कारणापुढे ते चालतं आणि दुसऱ्यापुढे नाही.

हे सगळं मुलाच्या बंदीपुरतं. मॅचचा निकाल बदलेल ही आशा सोडा. गोल झाला की नाही, निकाल काय, खेळात काय घडलं, याबद्दल रेफ्रीने दिलेला निर्णय अंतिम, असं नियम 5 मध्ये स्वच्छ लिहिलंय. याला अपवाद फार थोडे, आणि जो सगळ्यात प्रसिद्ध आहे तो ऐकून तक्रार करणाऱ्याने दोनदा विचार करावा. 2005 साली वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत ताश्कंदला उझबेकिस्तान विरुद्ध बहारीन. उझबेकिस्तान 1-0 ने पुढे, त्यांना पेनल्टी मिळाली, बॉल जाळ्यात गेला, पण त्यांचाच एक खेळाडू किक बसण्याआधी बॉक्समध्ये घुसला होता. अशा वेळी पेनल्टी पुन्हा घ्यायची, हा नियम. जपानी रेफ्रीने उलट बहारीनला इनडायरेक्ट फ्री किक दिली. ही नजरेची चूक नव्हती, नियम न कळल्याची चूक होती. उझबेकिस्तान 1-0 ने जिंकला होता, तरी तक्रार केली, 3-0 असा निकाल द्या म्हणाला. फिफाने मॅचच रद्द करून पुन्हा खेळवली. ती 1-1 सुटली, परतीची 0-0, दोन्ही मिळून बरोबरी, म्हणून परक्या मैदानावर मारलेल्या एका गोलवर बहारीन पुढे गेला. जिंकलेली मॅच तक्रार करून घालवणारे ते बहुधा एकटेच.

समित्या व्हिडिओ मनापासून कुठे बघतात, तर कार्ड भलत्याच माणसाला गेलं असेल तिथे. मार्च 2014 मध्ये चेल्सी-आर्सेनल मॅचमध्ये ऑक्सलेड-चेंबरलेनने गोलकडे मारलेला बॉल हाताने अडवला आणि रेफ्रीने बाहेर काढलं कीरन गिब्जला. चेंबरलेन स्वतः सांगत होता की मी होतो, तरी गिब्ज बाहेर गेला. नंतर इंग्लिश असोसिएशनने गिब्जचं कार्ड पुसलं. शॉट गोलच्या बाहेर चालला होता म्हणून चेंबरलेनलाही बंदी झाली नाही. निकाल 6-0 होता, तो 6-0 च राहिला.

माझ्याकडून हे घडलंय. जुलैतला रविवार, परळ. सकाळपासून धो धो, सेंटर सर्कलमध्ये बॉल तरंगत होता. दोन्ही टीमचे शर्ट एकाच रंगाचे झालेले, चिखलाच्या. पावसात पेनची शाई पसरते म्हणून मी कार्डामागच्या रकान्यात पेन्सिलीने लिहायचो. दुसऱ्या हाफमध्ये एकाने मागून घोट्यावर मारलं. मी पळत गेलो, तिघं उठत होते, पाठीवरचा आकडा बघितला, आठ. कार्ड बघितलं तर आठच्या नावापुढे एक यलो आधीच होतं. दुसरं यलो, मग रेड. तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. एक शब्द बोलला नाही. टॉवेल घेऊन बाहेर गेला आणि तिथे त्याने पाठीवरून पाण्याची बाटली ओतली, तेव्हा मला दिसलं की आठ हाच आहे, पण फाउल केलेला अजून आत उभा आहे. चिखलाने ज्याच्या सहाचा आठ झाला होता, तो.

तोवर मी फ्री किक घेऊ दिली होती. खेळ पुन्हा सुरू झाला की मागे जाता येत नाही. उरलेली वीस मिनिटं ते दहाजण खेळले, आणि त्यांच्या बेंचकडे बघायचं मी टाळत होतो. रात्री रिपोर्टमध्ये जसं घडलं तसं लिहिलं. समितीने आठ नंबरची बंदी उठवली. मला पुढचे तीन रविवार मॅच मिळाली नाही, आणि ते बरोबरच होतं. मला वाटायचं अशी चूक आपल्यासारख्या रविवारच्या रेफ्रीचीच होते. मग 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लिश रेफ्री ग्रॅहम पोलने क्रोएशियाच्या शिमुनिचला एकाच मॅचमध्ये तीन यलो दाखवले. दुसरं यलो त्याने कार्डावर चुकून ऑस्ट्रेलियाच्या 3 नंबरसमोर लिहिलं होतं. शिमुनिचही 3 नंबरच. स्टुटगार्टला ना चिखल होता ना पाऊस.

आता तुमचा पहिला प्रश्न, रेफ्रीने मोबाइल का पाहिला नाही. त्याला परवानगीच नाही. ज्या स्पर्धेत व्हिडिओची अधिकृत व्यवस्था नाही, तिथे रेफ्रीने फुटेज पाहून निर्णय द्यायचा नसतो. त्याने तुमचा पाहिला असता तर पलीकडच्या टीमचाही पाहावा लागला असता; त्यांच्याही बेंचवर मोबाइल होता हे मी न बघता सांगतो. बेंचवर छोटं उपकरण ठेवायला आणि डावपेचासाठी, दुखापतीसाठी वापरायला नियम हरकत घेत नाही. ते घेऊन रेफ्रीशी वाद घालायला गेलात तर तुम्हालाही कार्ड आहे, हे मॅनेजर म्हणून माहीत असू द्या. तुम्हाला ते मिळालं नाही, म्हणजे त्या रेफ्रीने तुम्हाला थोडं सांभाळून घेतलंय.

शिवाय मोबाइल वाटतो तितका खरं बोलत नाही. साधा मोबाइल सेकंदाला 30 चित्रं घेतो. जोरात सुटलेला फॉरवर्ड सेकंदाला 8 मीटर धावतो असं धरा, म्हणजे दोन चित्रांच्या मधल्या वेळात तो सुमारे 27 सेंटिमीटर सरकतो, वीतभराहून जास्त. डिफेंडर उलट्या दिशेने बाहेर पडत असेल तर आणखी. पास सुटला तो क्षण यातल्या कुठल्या चित्रात, हेच सांगता येत नाही आणि लोक मोबाइलवर पट्टी ठेवून ऑफसाइड मोजतात! 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये याच कामाला छताखाली 12 कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपले जात होते, आणि बॉलच्या पोटातला सेन्सर सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवत होता.

आणि स्लो मोशन. थांबवलेल्या चित्रात प्रत्येक टॅकल खून दिसतो. याचं उदाहरण म्हणून मी एकच मॅच पुन्हा पुन्हा सांगतो, कारण व्हीएआरच्या दोन्ही दुखऱ्या नसा तिच्यात एकाच अर्ध्या तासात सापडतात. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅम-लिव्हरपूल.

सव्विसाव्या मिनिटाला लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सचा टॅकल. पाय बॉलवर पडला, बॉलवरून घसरला आणि समोरच्याच्या नडगीवर गेला. तुमच्या पोरासारखंच, बॉल आधी. रेफ्रीने यलो दिलं. व्हीएआरने त्याला स्क्रीनकडे बोलावलं. तो तिथे पोचला तेव्हा समोर आधी थांबवलेलं चित्र: स्टड नडगीवर, घोटा वाकलेला. मग रिप्ले. यलोचं रेड झालं. व्हीएआरच्या नियमावलीत लिहिलंय की स्पर्श कुठे झाला, हात लागला का, एवढ्यासाठी स्लो मोशन. ताकद किती, हे बघायला नेहमीचा वेग. थांबलेल्या चित्रात जागा दिसते, जोर दिसत नाही. लिव्हरपूलने दाद मागितली, ती फेटाळली गेली, तीन मॅचची बंदी राहिली. माझं मत विचाराल तर रेड चालण्यासारखं होतं, पण दाखवण्याचा क्रम चुकला.

पुढे आठच मिनिटांनी लुइस दियाझने गोल केला, लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला, गोल नाकारला. व्हीएआरच्या खोलीत रेषा आखल्या, दियाझ ऑफसाइड नव्हता हे स्पष्ट दिसत होतं. सगळं बरोबर चाललं होतं. पण खोलीतल्या माणसाच्या डोक्यात बसलं होतं की मैदानावर गोल दिलेलाच आहे. तो म्हणाला, 'चेक कम्प्लीट'. मैदानावर त्याचा अर्थ झाला, ऑफसाइड बरोबर. फ्री किक घेतली गेली. काही सेकंदांत रिप्ले चालवणाऱ्याने विचारलं की तुम्ही याच्यावर खूश आहात का, आणि मग खोलीत जी धावपळ झाली ती पुढे प्रसिद्ध झालेल्या ध्वनिफितीत सगळ्यांनी ऐकली. खेळ सुरू झाला होता, मागे जायची वाट बंद. टॉटनहॅम 2-1 ने जिंकलं. चूक डोळ्यांची नव्हती आणि यंत्राचीही नव्हती. दोन माणसं एकमेकांशी अर्धं वाक्य बोलली. परळला मी फ्री किक घेऊ दिली, तेव्हा माझ्याकडे निदान कॅमेरा नव्हता एवढंच सांगायला उरतं.

तुम्ही म्हणाल, मग हे यंत्र कशाला. तर 11 जून 2024 च्या रात्रीसाठी. दोहाला भारत विरुद्ध कतार, वर्ल्ड कपची पात्रता. आपल्या मुंबई सिटीच्या छांगतेने गोल केला होता, आपण 1-0 ने पुढे, तिसऱ्या फेरीचं दार दिसत होतं. त्र्याहत्तराव्या मिनिटाला हेडर आला, आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवला, बॉल त्याच्या अंगाजवळून गोललाइनच्या बाहेर गेला. सगळा बॉल, सगळ्या रेषेच्या बाहेर. कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला, दुसऱ्याने जाळ्यात ढकलला, आणि कोरियन रेफ्रीने गोल दिला. टीव्हीवर घराघरात दिसत होतं. त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. आपण 2-1 ने हरलो आणि स्पर्धेबाहेर गेलो. बॉल बाहेर की आत, हा प्रश्न कॅमेऱ्याचा आहे. त्यात मत नसतं, तिथे यंत्र हवंच. मी त्या रात्री झोपलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी बँकेतले जुने सहकारी मला फोन करून त्या रेफ्रीचा हिशेब विचारत होते, जणू मीच दोहाला होतो.

2018 साली व्हीएआर नियमांत आलं, तेव्हा त्याला चार प्रसंग नेमून दिले: गोल, पेनल्टी, थेट रेड, आणि कार्ड भलत्याला गेलं तर. तिथेही चूक ढळढळीत असेल तरच हात घालायचा. आमच्यातला एक जुना रेफ्री त्याला 'वार' म्हणतो, आणि तो कुणावर पडेल याचा नेम नाही, असं पुढे जोडतो. तुमची पेनल्टी आणि तुमचं थेट रेड या दोन्ही गोष्टी त्या चारात बसतात, हे मान्य. पण परळला ते आणायचं म्हणजे अनेक कोनांतले कॅमेरे, रिप्ले चालवणारा माणूस, प्रशिक्षण घेतलेले आणखी रेफ्री, रेफ्रीच्या कानातली यंत्रणा, आणि स्पर्धेला अधिकृत मान्यता. इंडियन सुपर लीगमध्येसुद्धा 2024-25 च्या मोसमात व्हीएआर नव्हतं. आपल्या खालच्या डिव्हिजनमध्ये कधी कधी कॉर्नरचे चार झेंडे जमवताना नाकी नऊ येतात.

यातली मधली वाट मला जास्त पटते. फिफाने 2024 मध्ये मुलींच्या वयोगटाच्या वर्ल्ड कपमध्ये एक हलकी पद्धत वापरून पाहिली. वेगळी खोली नाही, वेगळे व्हिडिओ रेफ्री नाहीत, कॅमेरे थोडे. कोचला मॅचमध्ये दोनदा दाद मागता येते, रेफ्री स्वतः स्क्रीनवर बघतो, निर्णय बदलला तर कोचची ती संधी शाबूत राहते. क्रिकेटमुळे ही कल्पना आपल्याला नवी नाही. कूपरेजसारख्या मैदानावर वरच्या डिव्हिजनला हे जमू शकेल असं मला वाटतं. परळला तरी मी असेपर्यंत नाही.

मात्र कॅमेरे आले की शिस्त येईल, या भ्रमात राहू नका. डिसेंबर 2023 मध्ये अंधेरीला मुंबई सिटी-मोहन बागान मॅच झाली, मुंबई 2-1 ने जिंकली आणि एका मॅचमध्ये सात रेड कार्डं निघाली. टीव्हीचे कॅमेरे सगळीकडे होते आणि हे प्रत्येक खेळाडूला माहीत होतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये बेंगळुरूत केरळ ब्लास्टर्सने काय केलं तेही तुमच्या मुलांना सांगा. नॉकआउट मॅच, एक्स्ट्रा टाइम, बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने केरळच्या खेळाडूंची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारली, गोल. फ्री किकला शिट्टी लागतेच असं नाही; भिंत मागे घ्यायला रेफ्री थांबला असेल तरच शिट्टीची वाट बघायची. रेफ्रीने थांबायला सांगितलं होतं की नाही, यावर मी दोन्ही बाजूंनी भांडणारे रेफ्री पाहिलेत. पण केरळचा कोच टीम घेऊन मैदानाबाहेर गेला आणि तिथे वाद संपला. क्लबला 4 कोटींचा दंड, कोचला 10 मॅचची बंदी आणि 5 लाख. बरोबर असाल, तरी मैदान सोडलंत की तुमचं म्हणणं कुणी ऐकत नाही.

आता तो हात.

रेड कार्डसाठी मुलाला एक-दोन मॅचची बंदी होईल, फार तर तीन. हाताचं वेगळं आहे. फिफाच्या शिस्तसंहितेत रेफ्रीशी अखिलाडू वागण्याला किमान 4 मॅच आणि रेफ्रीवर हल्ल्याला किमान 15 मॅच किंवा योग्य त्या मुदतीची बंदी सांगितली आहे. स्थानिक समितीचं कोष्टक वेगळं असेल, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर असंच मोठं असतं. हात खाली ओढला, याला रेफ्रीने रिपोर्टमध्ये कुठलं क्रियापद वापरलंय यावर पोराचा मोसम उभा आहे. 'धरला', 'ओढला', 'झटकला', 'मारला'. रिपोर्ट लिहिताना मी या एका शब्दावर रात्री अर्धा अर्धा तास बसलोय, कारण आपल्या एका शब्दाने एकोणीस वर्षांच्या मुलाचं वर्ष जातं हे मला माहीत होतं. कार्ड सगळ्यांना दिसतं, पण शिक्षा रिपोर्ट ठरवतो. (शिव्या मात्र जशाच्या तशा लिहाव्या लागतात. इंग्रजी रिपोर्टमध्ये मुंबईच्या शिव्या रोमन अक्षरांत. एकदा समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून मला विचारलं होतं, 'हे आईवरून आहे की बहिणीवरून? तुमचं स्पेलिंग लागत नाही.')

म्हणून तुमच्या भावाच्या व्हिडिओचा खरा उपयोग टॅकलसाठी कमी आणि हातासाठी जास्त आहे. त्यात तो क्षण असेल तर तो दाखवा. मुलगा रेफ्रीच्या अंगावर गेला की कार्ड खाली करायला हात लावला, हे जर दिसत असेल तर समितीला ते बघायचं असतं. पण मूळ क्लिप न्या, पूर्ण, आवाजासकट. लाल वर्तुळ काढलेली, मागे गाणं लावलेली, आठ वेळा स्लो केलेली नको. माझ्यासमोर अशी एक आली होती आणि ती बघताना समितीतला प्रत्येक जण हेच विचारत होता की कापलेल्या भागात काय होतं.

मुलाला स्वतः येऊ द्या. त्याच्याऐवजी तुम्ही बोलू नका. हाताबद्दल त्याने आधी माफी मागावी आणि त्या वाक्याला 'पण' जोडू नये. 'पण रेफ्रीने चुकीचं कार्ड दिलं' म्हटलं की माफी गेली. मग वेगळं, लेखी, थंड डोक्याने, नियमाचा आधार देऊन कार्डाचा मुद्दा मांडा: बॉक्समध्ये, बॉलसाठी प्रयत्न, पेनल्टी दिली गेली, म्हणून यलो. रिपोर्टमध्ये 'गंभीर फाउल' असेल तर हा मुद्दा काढूच नका, उगाच माफीही वाया जाईल. तक्रारीची मुदत आणि फी तुमच्या स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत पहिल्या चार पानांत कुठेतरी असते. ती मुदत संपली असेल तर सुनावणीत तोंडी विनंती करता येते, मान्य होईलच असं नाही.

पुढच्या मॅचसाठी एक सवय लावा, रेफ्रीकडे फक्त कॅप्टनने जायचं. 2024 च्या युरो स्पर्धेत हेच सांगितलं होतं, बाकी कुणी रेफ्रीला घेरलं तर यलो. आपल्याकडे सक्ती नसली तरी चालतं. अकरा जण ओरडत आले की मी कुणाचंच ऐकायचो नाही. एक जण येऊन हळू आवाजात 'सर, नक्की काय दिलंत?' म्हणाला की मी सांगायचो, आणि तेव्हा चूक कळली तर खेळ सुरू व्हायच्या आत बदलायचोही. त्या काही सेकंदांत तुम्ही मोबाइल आणायला पळालात.

तुमच्या भावाला सांगा, शूटिंग सोडू नकोस, पण टचलाइनवरून घेऊ नको. मैदानाच्या मधोमध, मिळेल तितक्या उंचावर उभा राहा, झूम करू नको, दोन्ही टीम चौकटीत ठेव. क्लिप सुरू करताना हातातलं घड्याळ एकदा कॅमेऱ्यासमोर धर आणि मॅच संपेपर्यंत रेकॉर्डिंग बंद करू नको. परळला असशील तर पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी बरोबर ठेव.